इथेनॉल-पाणी कॉलम: राऊल्टनं सुटतो, एनआरटीएलनं सुटेना. डीडब्ल्यूसिममध्ये नेमकं कुठं अडलंय?

केमिकल_निपाणी

नमस्कार. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचा कॉलम डीडब्ल्यूसिममध्ये (प्रक्रियांचं मोफत सिम्युलेटर) बसवायचा आहे. माहिती अशी:

फीड मळीचा वॉश (आंबवलेली मळी), १०,००० किलो/तास. अल्कोहोल आकारमानानं ८ टक्के, लॅबच्या तक्त्यावरून वजनानं ६.४ टक्के धरलंय, बाकी सगळं पाणी. फीड उकळबिंदूवर, प्रेशर १.०१३ बार, टोटल कंडेन्सर, एकूण ३० स्टेज, फीड पंधराव्यावर. कारखाना ‘९५ टक्के स्पिरिट’ म्हणतो, म्हणून कंडेन्सरला इथेनॉल ०.९५ मोल फ्रॅक्शन आणि रिबॉयलरला बॉटम प्रॉडक्ट ५१९ किलोमोल/तास अशी दोन स्पेसिफिकेशन दिली.

राऊल्ट लॉ (आदर्श मिश्रणाचा नियम) निवडला की कॉलम सुटतो. वर बरोबर ०.९५ येतं, पण रिफ्लक्स रेशो (वरून काढलेल्या मालाच्या किती पट द्रव कॉलममध्ये परत जातो ते) ३० च्या वर जातो आणि रिबॉयलर पाच मेगावॅटपेक्षा जास्त मागतो. गाईडनी एनआरटीएल (आदर्श नसलेल्या मिश्रणांचं मॉडेल) घ्या म्हणून सांगितलं. तो घेतला की कॉलम सुटेनाच झालाय. इटरेशन ५०० केले, स्टेज ३० वरून ६० केले, तरी एरर तीच. पेंग-रॉबिन्सननं अधेमधे सुटतो, पण आकडे दर वेळी वेगळेच.

यातलं खरं कुठलं धरायचं? आणि एनआरटीएल सुटायला काय बदलू? जाणकारांनी तेवढं सांगा.

टिळकवाडी_थर्मो

सॉल्व्हरला हात लावू नका. एनआरटीएल सुटत नाही हेच त्याचं बरोबर उत्तर आहे. तुम्ही मागितलेलं प्रॉडक्ट साध्या कॉलममधून, १ बारला, कितीही ट्रे घातले तरी निघणार नाही.

इथेनॉल-पाण्याचा अ‍ॅझिओट्रोप १ ॲटमॉस्फिअरला ७८.२ अंशाच्या आसपास, वजनानं ९५.६ टक्के इथेनॉलवर आहे. मोलमध्ये तो ०.८९४. त्या बिंदूला वाफेत आणि द्रवात इथेनॉल सारखंच असतं, म्हणून पुढं वेगळं होणं थांबतं. तुम्ही ०.९५ मोल मागताय, म्हणजे भिंतीच्या पलीकडचं. साठ काय, सहाशे स्टेज दिले तरी तेच होणार.

गोंधळ ‘९५ टक्के’ या आकड्यात आहे. डिस्टिलरीत टक्के म्हणजे आकारमानाचे, सिम्युलेटर मागतो मोल. पूर्ण रूपांतर इथं देतो, कागदावर लिहून समोर ठेवा:

आकारमानानं ८ टक्के = वजनानं ६.४ = मोलनं २.६.
आकारमानानं ९५ टक्के = वजनानं ९२.४ = मोलनं ८२.६.
आकारमानानं ९६ टक्के = वजनानं ९३.८ = मोलनं ८५.५.

जुन्या नोंदवह्यांत ‘६६ ओपी’ असं लिहिलेलं दिसेल. तो ब्रिटिश प्रूफचा हिशेब आहे आणि तो आकारमानानं ९४.७ टक्क्यांच्या जवळ येतो. म्हणजे एकाच टाकीतल्या मालाला स्टोअरमध्ये एक आकडा, लॅबमध्ये दुसरा आणि सिम्युलेटरमध्ये तिसरा. रिपोर्टमध्ये प्रत्येक टक्क्यापुढं वजन, आकारमान की मोल हे लिहाच. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न इथंच येतो.

आता राऊल्टबद्दल. राऊल्ट दोन्ही रेणू एकमेकांशी आपल्या जातीसारखेच वागतात असं धरतो. त्या हिशेबानं इथेनॉलची पाण्याशी सापेक्ष बाष्पशीलता सगळीकडं २.२ ते २.३. प्रत्यक्षात पाण्यात इथेनॉल अगदी थोडं असेल तेव्हा त्याचं के-मूल्य (वाफेतला वाटा भागिले द्रवातला वाटा) १० ते १३ पर्यंत जातं, कारण पाणी त्याला बाहेर ढकलतं. उलट वरच्या टोकाला ते घसरत घसरत १ वर येतं. त्यामुळं राऊल्ट दोन्हीकडं फसवतो, आणि उलट-सुलट दिशेनं फसवतो. खाली वॉशमधून अल्कोहोल काढणं अवघड दाखवतो, म्हणून तुमचा रिफ्लक्स ३० च्या वर आणि रिबॉयलर पाच मेगावॅट. वर मात्र भिंतच दाखवत नाही, म्हणून ०.९५ आरामात. कॉलम सुटला एवढ्यावरून उत्तर खरं ठरत नाही. समीकरणं जुळली, इतकाच त्याचा अर्थ.

पेंग-रॉबिन्सन हायड्रोकार्बनसाठी उत्तम. इथं बायनरी पॅरामीटर शून्य ठेवून तो वापरणं म्हणजे राऊल्टच्याच जातीची चूक. एनआरटीएल किंवा युनिक्वॅक, दोन्हीपैकी काहीही चालेल.

कॉलम मांडायच्या आधी एवढं करा. फक्त इथेनॉल आणि पाण्याची एक मटेरिअल स्ट्रीम घ्या, तिच्यावर बायनरी फेज एन्व्हलप काढा, १.०१३ बारला तापमान-रचना आलेख. तीन ठिकाणी बोट ठेवून बघा. द्रवात ०.१ असताना वाफेत ०.४४ च्या जवळ, ०.५ ला ०.६५ ते ०.६६, आणि दोन्ही रेषा ०.८९ ला भेटून तापमान ७८.२ ला सगळ्यात खाली. हे जुळलं की मॉडेल विश्वासाचं. रेषा १.० पर्यंत भेटल्याच नाहीत तर पॅरामीटर चढलेलेच नाहीत.

ही शेवटची गोष्ट फार वेळा होते. प्रॉपर्टी पॅकेजच्या खिडकीत इथेनॉल-पाणी या जोडीसमोर दोन्ही ऊर्जा-पॅरामीटर शून्य असतील तर नाव एनआरटीएल, पण आतून राऊल्टच. अल्फा साधारण ०.३ असावा. जोडी नसेल तर युनिफॅकवरून अंदाज काढायची सोय आहे, पण या जोडीचा मोजलेला डेटा भरपूर उपलब्ध आहे, तेव्हा अंदाजावर जायची गरज नाही.

ट्रे_नंबर_१५

थर्मो सरांनी पाया घातलाय, मी कॉलमचे आकडे देतो. हातानं मॅककेब-थीलेच्या आलेख पद्धतीनं (वाफ-द्रव रेषेवर पायऱ्या मोजत) काढलेत, तुमच्या सिम्युलेशनच्या जवळपास यायला हवेत. ही पद्धत १९२५ ची आहे, पण कॉलम अडला की अजून हीच सगळ्यात आधी रस्ता दाखवते. ग्राफ पेपरवर एकदा काढाच.

आधी मोल. ६४० किलो इथेनॉल म्हणजे १३.८९ किलोमोल, ९,३६० किलो पाणी म्हणजे ५१९.६. फीड एकूण ५३३.५ किलोमोल/तास. वर वजनानं ९३.८ टक्के (मोल ०.८५५) आणि खाली वजनानं ०.०५ टक्के धरा. मग डिस्टिलेट ६७७ किलो/तास, म्हणजे १६.१ किलोमोल, बॉटम ५१७.४ किलोमोल. स्पेंट वॉशमधून (अल्कोहोल काढून तळातून निघणारा वॉश) तासाला ४.७ किलो इथेनॉल जातं, एकूणाच्या ०.७ टक्के. कारखान्याला हे जास्त वाटेल. ०.०२ टक्क्यांवर आणलं तर तोटा १.९ किलोवर येतो.

मिनिमम रिफ्लक्स फीडच्या जागी पिंच होऊन (आलेखावरच्या दोन रेषा भिडून पायऱ्या अडतात) ३.४ ते ३.५ येतो. ०.८५५ पर्यंत जाताना वरचा टँजंट पिंच आड येत नाही. जसजसं ०.८९ च्या जवळ जाल तसतसा तो येतो, आणि तिथं रिफ्लक्स वाढवूनही स्टेज संपत नाहीत. म्हणून ‘अजून थोडं शुद्ध’ असा हट्ट कॉलमकडं धरू नये.

४.५ रिफ्लक्सला वरून मोजत गेलं तर समतोलाच्या पायऱ्या अशा पडतात. पहिल्या आठ-नऊ पायऱ्यांत इथेनॉल ०.८५ वरून जेमतेम ०.७० पर्यंत उतरतं, अगदी रडतखडत. पुढच्या पाच पायऱ्यांत मात्र ०.७० वरून थेट ०.०५. पंधराव्याच्या आसपास फीडची रचना. त्याखाली आठ-नऊ पायऱ्यांत ०.०२ वरून ०.०००२. एकूण २४ च्या आसपास, रिबॉयलर धरून.

मधला हा उतार नीट बघा, कॉलमचा स्वभाव तिथं आहे. वरच्या आठ ट्रेंवर तापमान दोन अंशही हलत नाही, आणि दहा ते पंधराच्या पट्ट्यात ते सोळा-सतरा अंशांनी चढतं. म्हणून प्लँटमध्ये तापमानाचा कंट्रोल वरच्या ट्रेवर ठेवत नाहीत. तिथलं तापमान काही सांगतच नाही. सिम्युलेटरही याच पट्ट्यात हेलकावे खातो: एका इटरेशनला उतार बाराव्यावर, पुढच्याला सोळाव्यावर, आणि एरर कमी होता होता पुन्हा वाढते.

त्यावरचा उपाय:

स्टेज २६ द्या, फीड सोळाव्यावर. डीडब्ल्यूसिममध्ये कंडेन्सर आणि रिबॉयलर स्टेजच्या यादीत दोन टोकांना धरलेले असतात, यादी उघडून खात्री करा.

पहिल्या रनला शुद्धतेचं स्पेसिफिकेशन देऊच नका. कंडेन्सरला रिफ्लक्स रेशो ८ आणि रिबॉयलरला बॉटमचा मोलर फ्लो ५१७.४. ही जोडी जवळजवळ नेहमी सुटते, कारण दोन्ही आकडे कुठल्याही रचनेला शक्य आहेत. सुटला की तापमान आणि फ्लोची प्रोफाइल इनिशियल एस्टिमेट म्हणून ठेवून घ्या. मग रिफ्लक्स ६, ५, ४.५ असा खाली आणा. शुद्धता हवीच असेल तर शेवटी, त्याच प्रोफाइलवरून, स्पेसिफिकेशन बदला.

सॉल्व्हर नाफ्ताली-सँडहोम घ्या. वांग-हेंके बबल पॉइंट पद्धत साध्या, जवळपास आदर्श मिश्रणांना हलकी आणि झटपट आहे, पण ॲक्टिव्हिटी कोइफिशंट एवढे बदलतात तिथं ती घसरते. कारण ती तापमान आणि फ्लो आळीपाळीनं सोडवते, आणि इथं दोन्ही एकमेकांवर फार अवलंबून आहेत.

शॉर्टकट कॉलमचा ब्लॉक मात्र या मिश्रणाला वापरू नका. फेन्स्के-अंडरवूड-गिलिलँड सापेक्ष बाष्पशीलता स्थिर धरतात. इथं ती दहाच्या वरून एकवर येते. कुठला आकडा घालणार?

अपेक्षित उष्णता: कंडेन्सर ९६० किलोवॅटच्या जवळ, रिबॉयलर साधारण १ मेगावॅट. वाफ तासाला १.६ ते १.७ टन. डिस्टिलेट ८४० लिटर/तास, म्हणजे लिटरमागे २ किलो वाफ. तुमचं उत्तर यापासून २० टक्क्यांहून जास्त लांब असेल तर पुढं जाऊ नका, कुठं फरक पडला ते आधी शोधा.

केमिकल_निपाणी

दोघांचेही मनापासून आभार. एन्व्हलप काढला, ०.८९ ला रेषा भेटल्या, ०.१ ला वाफेत ०.४४ आलं. नंतर २६ स्टेज, फीड सोळाव्यावर, नाफ्ताली-सँडहोम. रिफ्लक्स ८ ला पहिल्याच रनला सुटला, मग ४.५ पर्यंत आणला. वर मोल ०.८५ च्या जवळ येतंय, रिबॉयलर १ मेगावॅटच्या जरा वर.

आता पुढचे प्रश्न. कारखान्यात वॉश फर्मेंटरमधून ३०-३२ अंशाला येतो, मी उकळबिंदूवर धरलाय. त्यानं किती फरक पडतो? सिम्युलेशनमध्ये वरचं तापमान ७८ च्या वर, पण बेळगावातल्या कॉलेजच्या लॅबमधल्या डिस्टिलेशन सेटवर थर्मामीटर ७६ च्या पुढं जात नाही, ते का? आणि कारखान्यातले ऑपरेटर फ्युजल ऑइलचा (जड अल्कोहोलांचं तेलकट मिश्रण) ड्रॉ दाखवतात, तो माझ्या दोन घटकांच्या मॉडेलमध्ये कुठून आणू?

मळी_ते_इथेनॉल

डिस्टिलरीच्या बाजूनं उत्तर देते.

थर्मामीटर बरोबर आहे, तुमचं प्रेशर चुकीचं आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर. हवेचा दाब इथं १.०१३ बार नसतो, ०.९२ ते ०.९३ बार असतो. त्यामुळं पाणी ९७.५ अंशाला उकळतं आणि अ‍ॅझिओट्रोप ७६ च्या जरा खाली येतो. लॅबचं सिम्युलेशन ०.९२६ बारला चालवा, आकडा जुळेल. कारखान्याच्या गेजवर शून्य दिसतं ते इथल्या हवेच्या तुलनेत शून्य. ‘०.३ बार गेज’ वाचलं की त्यात ०.९२ ते ०.९३ मिळवायचे, १.०१३ नाही. अथणी-रायबागकडं उंची कमी आहे, तिथं जागेचा दाब वेगळा घ्या.

दुसरं, तुमचा सगळा कॉलम एकाच दाबावर आहे. खऱ्या ट्रेवर वाफेला द्रवाचा थर भेदून जावं लागतं. एका ट्रेला ०.६ ते ०.७ किलोपास्कल धरा. ४५ ट्रेंना ३० किलोपास्कल होतात. वर ०.९३ बार तर तळाला १.२३, आणि तळाचं तापमान १०० नाही, १०५ च्या आसपास. स्टेजच्या यादीत वरचा आणि खालचा दाब वेगळा घाला.

४५ ट्रे कुठून आले? समतोलाच्या २४ पायऱ्यांतून रिबॉयलर वजा केला की २३ उरतात. ट्रेची एकंदर कार्यक्षमता ५० ते ६० टक्के. भागाकार केला की ३८ ते ४६. इथं दोन वाटा आहेत, एकच धरा. एक तर समतोलाचे स्टेज ठेवून शेवटी कार्यक्षमतेनं भागा, नाही तर खरे ट्रे घालून स्टेजच्या यादीत मर्फ्री (एकेका ट्रेची) कार्यक्षमता द्या. विद्यार्थ्यांच्या रिपोर्टमध्ये दोन्ही एकदम लावलेलं हमखास सापडतं आणि मग कॉलम निष्कारण दुप्पट होतो. दोन्ही कार्यक्षमता एकच आकडा नसतात हेही ध्यानात ठेवा, पण प्रोजेक्टपुरती पहिली वाट पुरे.

थंड वॉशचा हिशेब सोपा आहे. १०,००० किलो वॉश ३० वरून ९४ अंशाला न्यायला सुमारे ७४० किलोवॅट लागतात. रिफ्लक्स ४.५ च ठेवून थंड फीड दिलं तर हा सगळा भार रिबॉयलरवर पडतो: १ मेगावॅटचे पावणेदोन होतात, लिटरमागे २ किलो वाफेची ३.४. (थंड फीड काही वाफ वाटेतच थंड करतं, म्हणून रिफ्लक्स थोडा कमी करता येतो, पण सगळं भरून निघत नाही.) म्हणून प्लँटमध्ये वॉश आधी रेक्टिफायरच्या (अल्कोहोल घट्ट करणारा कॉलम) वरच्या वाफेनं आणि मग तळाच्या गरम स्पेंट वॉशनं तापवतात. तुमच्या फ्लोशीटमध्ये किमान स्पेंट वॉशचा एक हीट एक्स्चेंजर घाला. स्पेंट वॉश ९.३ टन, वॉश १० टन, त्यामुळं दहा अंशांचा अ‍ॅप्रोच ठेवला तरी बहुतेक उष्णता परत येते. फक्त मळीचा वॉश एक्स्चेंजरमध्ये थर धरतो, तेव्हा डिझाइनला फाउलिंग फॅक्टर सढळ हातानं घ्या.

तुमचा कारखाना रिबॉयलर वापरतो की कॉलमच्या तळाला उघडी वाफ सोडतो, हे विचारून या. उघडी वाफ असेल तर मॉडेल बदलतं. तेव्हा ॲनालायझरला (वॉशमधून अल्कोहोल काढणारा कॉलम) डीडब्ल्यूसिममधला ॲब्सॉर्प्शन कॉलम घ्या: वरून वॉश, खालून वाफ, कंडेन्सर-रिबॉयलर काही नाही. त्याची वरची वाफ रेक्टिफायरला. जवळजवळ ८९ किलोमोल, म्हणजे १.६ टन पाणी वाफेवाटे आत येतं आणि स्पेंट वॉशमध्ये जमा होतं. ९.३ टनांचे १०.९ टन. मग तोच ०.०५ टक्के ठेवला तर अल्कोहोलचा तोटा किलोमध्ये वाढतो, तळाशी एखादी पायरी जास्त लागते. लिटरमागे ११ किलो स्पेंट वॉशचे १३ होतात. स्पेंट वॉश पुढं बाष्पीभवन करून जाळायचा असतो, त्यामुळं हा दोन किलोंचा फरक कारखान्याला फार जड जातो.

निर्वाताबद्दलही एक ओळ. मल्टीप्रेशर प्लँटमध्ये ॲनालायझर निर्वातात असतो, कारण मग दाबाखालच्या रेक्टिफायरची वरची वाफच त्याचा रिबॉयलर चालवते. दुसरा फायदा मळीसाठी खास आहे. कॅल्शियम सल्फेट गरम पाण्यात कमी विरघळतं, म्हणून तळ जितका थंड तितकी ट्रेवर पापडी कमी. सिम्युलेटर हे दाखवणार नाही.

आता फ्युजल ऑइल. तिसरा घटक म्हणून आयसोअमाइल अल्कोहोल घाला, तासाला २ किलो. त्याचा उकळबिंदू १३१ अंश, म्हणून वाटतं ते तळाला जाईल. जात नाही. पातळ पाण्यात ते इथेनॉलपेक्षाही जोरानं वर पळतं, आणि इथेनॉल घट्ट झालं की त्याचं के-मूल्य १ च्या खाली येऊन ते परत खाली ढकललं जातं. ना वरून बाहेर, ना खालून. फीडच्या वरच्या तीन-चार ट्रेंवर साठत राहतं. साइड ड्रॉ न देता रन केला तर सिम्युलेटरमध्येही तेच होतं: त्या स्टेजवर आयसोअमाइलचा आकडा प्रत्येक इटरेशनला फुगत जातो आणि मास बॅलन्स बंद होत नाही. लोक सॉल्व्हरला दोष देतात, पण खऱ्या कॉलममध्येही ड्रॉ बंद ठेवला की हेच घडतं. वरच्या मालाला वास येतो आणि मधल्या ट्रेंचं तापमान चढ-उतार करायला लागतं.

म्हणून आयसोअमाइल घालताना त्याच रनला फीडच्या वर दुसऱ्या ते चौथ्या स्टेजवरून द्रवाचा साइड ड्रॉ द्या. ०.३ किलोमोल/तासापासून सुरुवात करा आणि स्टेज बदलून बघा, आयसोअमाइल सर्वांत जास्त कुठं आहे. ड्रॉ तिथंच. बाहेर आल्यावर थंड करून पाणी मिसळतात, डिकँटरमध्ये तेलाचा थर वर येतो, खालचं पाणी कॉलमला परत. त्या डिकँटरला वाफ-द्रवासाठी बसवलेले एनआरटीएल पॅरामीटर चालत नाहीत, दोन द्रवांसाठी बसवलेले लागतात. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ड्रॉपर्यंत थांबलात तरी चालेल.

आणि १०,००० किलो वॉशमधलं सगळं पाणी नसतं. मळीचे विरघळलेले घन पदार्थ आधी वजा करा, लॅबमध्ये आकडा मिळेल.

केमिकल_निपाणी

ताई, खूप उपयोग झाला. कारखान्यात उघडी वाफच आहे, तसं मॉडेल बदलतो. शेवटचं एक विचारतो. तिथं पेट्रोलमध्ये मिसळायचं ९९.५ टक्क्यांचं इथेनॉलही करतात, मॉलिक्युलर सीव्हवर. ते डीडब्ल्यूसिममध्ये कसं दाखवायचं? दाब कमी करून भिंत ओलांडता येत नाही का?

टिळकवाडी_थर्मो

दाब कमी केला की अ‍ॅझिओट्रोप इथेनॉलच्या बाजूला सरकतो आणि ०.१ बारच्या आसपास नाहीसा होतो, हे खरं. पण त्या निर्वातात वरची वाफ ३० अंशाच्या घरात येते, आपल्याकडच्या कूलिंग टॉवरच्या पाण्यानं ती थंड होत नाही, आणि कॉलमचा व्यास भलताच वाढतो. शिवाय नाहीसा झाला तरी दोन्ही रेषा एकमेकींना इतक्या चिकटलेल्या असतात की स्टेज फार लागतात. म्हणून सीव्ह.

३ अँगस्ट्रॉमच्या छिद्रांचं झिओलाइट, पाण्याचा रेणू आत जातो, इथेनॉलचा जात नाही. दोन बेड आळीपाळीनं: एकावर तापवलेली कोरडी वाफ दाबाखाली, दुसरा निर्वातात, तयार इथेनॉलच्याच थोड्या वाफेनं धुतला जातो. हे चक्र काळाबरोबर बदलणारं आहे, स्थिर स्थितीच्या फ्लोशीटमध्ये ते बसत नाही. तुम्ही सरासरी दाखवायची. कंपाऊंड सेपरेटर ब्लॉक घ्या आणि वजनाचं गणित हातानं ठरवून द्या.

तुमच्याच आकड्यांवर सांगतो. प्रॉडक्टमध्ये वजनानं ०.३ टक्के पाणी धरा, आकारमानाच्या ९९.५ च्या निकषात ते आरामात बसतं. धुण्याच्या वाफेत वजनानं ६५ टक्के इथेनॉल. मग ६३७ किलो प्रॉडक्टमागे १३० किलो परत येतं, आणि सीव्हला ६७७ नाही, ७६७ किलो/तास पाठवावे लागतात. रेक्टिफायरचा वरचा भार १३ टक्क्यांनी वाढला. वाफ, कंडेन्सर, व्यास, सगळं या ७६७ वर काढायचं. परतीची धार सोडून दिलेले रिपोर्ट दिसतात, त्यांत तासाला ८५ किलो इथेनॉल हवेत विरलेलं असतं.

परतीची धार वॉशमध्ये मिसळू नका. तिच्यात मोलनं ४२ टक्के इथेनॉल आहे, वॉशमध्ये २.६. मिसळलं की कमावलेलं वेगळेपण वाया. ट्रे_नंबर_१५ यांनी दिलेल्या उतारात ०.४२ जिथं आहे, वरून बारा-तेराव्या स्टेजवर, तिथं दुसरं फीड म्हणून द्या.

रिसायकल ब्लॉक लगेच जोडू नका. आधी १३० किलो, ६५ टक्के, अशी खोटी धार हातानं टाकून कॉलम सोडवा. सेपरेटरमधून निघालेली धार तिच्याशी ताडून बघा. एक-दोन टक्क्यांत जुळली की मग ब्लॉक जोडून वर्तुळ बंद करा. एकदम जोडलं तर पहिल्या फेरीला कॉलमला शून्य फ्लोचं दुसरं फीड मिळतं, आणि त्या उतारावर पुन्हा हेलकावे सुरू होतात.

मदत लागली तर आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या साइटवर डीडब्ल्यूसिमच्या पूर्ण झालेल्या फ्लोशीट मोफत आहेत. उतरवून घ्या, पण त्यांचं प्रॉपर्टी पॅकेज उघडून इथेनॉल-पाण्याच्या खान्यात शून्य नाही ना, हे आधी बघा.

ट्रे_नंबर_१५

एक भर. दुसरं फीड बाराव्या-तेराव्यावर आलं की फ्युजलचा ड्रॉ आणि ते फीड एकाच पट्ट्यात येतात. परतीच्या धारेत आयसोअमाइल जवळजवळ नसतं, त्यामुळं ती आत येते तिथं फ्युजल पातळ होतं आणि कमाल जागा एक-दोन स्टेज खाली सरकते. ड्रॉची स्टेज रिसायकल बंद केल्यानंतर पुन्हा तपासा, आधीची तशीच ठेवू नका.